जोर लावून बघा

आप्पांना चालता चालता मध्येच उकिडवं बसायची सवय होती. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ते पाटकरी होते. पैठणहून निघून 208 किलोमीटर येणारा हा कालवा आमच्या परभणी जिल्ह्यात येईपर्यंत पार थकलेला असतो, आणि आप्पांच्या वाट्याला त्याच्या शेवटाकडच्या चाऱ्या, म्हणजे छोटे पाट, होते. पाण्याची पाळी सुटली की दिवसरात्र पायपीट. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्या मागं जायची. भरावाचा चढ संपला की आप्पा काठीवर भार देऊन खाली बसत. गुडघे छातीशी, नजर पाण्यावर. दोन-तीन मिनिटं एक शब्द बोलत नसत. मग उठून पुन्हा चालू लागत. मला वाटायचं, पाणी बघायलेत.

वयाच्या 44व्या वर्षी, वैशाखात, भर दुपारी ते चारीच्या कडेला पडले ते उठलेच नाहीत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. मायही तेच म्हणाली. मी दहा वर्षांची होते, दादा तेरा. पुढची तीस वर्षं कुणी विचारलं की आम्ही भावंडं तेच सांगत आलो.

दादाचं दुखणं सुरू झालं तेव्हा तो एकेचाळीसचा होता. जेवून उठलं की छातीवर दगड ठेवल्यागत वाटायचं. शेतातून घराकडं येताना धाप लागायची. दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. एकदा छातीत कळ आली म्हणून एका दवाखान्यात नेलं, तिथं अटॅक समजून जिभेखाली गोळी ठेवली आणि पाच मिनिटांत दादा खाटेवरच बेशुद्ध पडला. या आजारात ती गोळी उलटी पडते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नसा सैल पडतात, हृदयात येणारं रक्त कमी होतं आणि तिथून रक्त बाहेर जायची आधीच चिंचोळी असलेली वाट आणखी मिटते. अँजिओग्राफी झाली, नळ्या साफ निघाल्या. ‘तुम्हाला काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. काही नसताना माणूस चार पायऱ्यांत धापा कशानं टाकतो, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. त्या दिवसाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग एका फिजिशियननं, मशीन बाजूला ठेवून, दादाच्या छातीला नुसता स्टेथोस्कोप लावला. म्हणाले, उभे राहा. ऐकलं. म्हणाले, आता खाली बसा, शेतात बसता तसं. स्वतः गुडघ्यावर येऊन पुन्हा ऐकलं. उभं राहिल्यावर मोठा होणारा आवाज बसल्यावर बारीक होत होता. त्यांनी विचारलं, “असं बसल्यावर बरं वाटतं का हो तुम्हाला?”

दादा म्हणाला, “हाव साहेब. बांधावर मी असाच बसतो थोडा येळ. मग उतार पडतो.”

मी दाराशी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर भरावावर बसलेले आप्पा आले.

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. डॉक्टर लोक एचसीएम म्हणतात. रक्तदाब नसताना, झडपेचा जुना दोष नसताना हृदयाच्या डाव्या निलयाची, म्हणजे अंगभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत जाड होत जाते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचा तक्ता टांगून दोन अलिंद, दोन निलय, झडपा, असं किती वर्षं शिकवलं असेल त्याची मोजदाद नाही. त्या तक्त्यात दोन निलयांमधला पडदा एक सरळ पट्टी असते. खऱ्या माणसात ती सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी जाड असते. 15 मिलिमीटरच्या पुढं गेली की या आजाराचा विचार करतात. दादाची 22 होती. हा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो आणि बहुतेक घरांत तो वारशानं येतो. आई किंवा बापाकडं असला तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. लंडनचे डोनाल्ड टेअर यांनी 1958 साली यावर पहिल्यांदा नीट लिहिलं, ते शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. त्यांच्यापुढं आलेली माणसं तरुण होती आणि बहुतेक अचानक गेलेली होती. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

पहिली टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मी दादाच्या उशाशी उभं राहून बघितली. खोलीत अंधार. दादा डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. छातीला थंडगार जेली. प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवला की स्क्रीनवर करड्या रंगात ते हलताना दिसतं. जाड, फुगीर पडदा मलाही ओळखता आला. डॉक्टरांनी बटण दाबलं तसे निळे-तांबडे रंग उमटले आणि महाधमनीकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी रंगांचा नुसता चिवडा झाला. तिथं रक्त घुसळत होतं. डावं अलिंद आणि डावा निलय यांच्यातल्या मायट्रल झडपेचं पुढचं पान, जे निलय आकसताना मागं शांत मिटून राहायला पाहिजे, ते वेगानं जाणाऱ्या रक्ताबरोबर पुढं ढकललं जाऊन फुगलेल्या पडद्याला चिकटत होतं. वाट तिथं मिटत होती. आणि झडपेची पानं नीट मिटत नसल्यानं थोडं रक्त उलटं अलिंदात परतत होतं.

मग आलेख आला. डॉक्टर म्हणाले, हा रक्ताचा वेग. पांढऱ्या रेषेखाली एकामागं एक टोकं लोंबत होती. आधी हळूहळू खाली येणारी, मग एकदम वळून टोकदार होणारी. पुस्तकात त्याला खंजिराचा आकार म्हणतात. मला तो विळा वाटला. हुबेहूब आमच्या घरी गव्हाणीत खोचलेला असतो तसा.

“चार मीटर,” डॉक्टर म्हणाले. सेकंदाला चार मीटर. कागदाच्या मागं त्यांनी लिहून दाखवलं, चारचा वर्ग सोळा, त्याची चौपट चौसष्ट. निलय आणि महाधमनी यांच्यात 64 मिलिमीटर पाऱ्याएवढा दाबाचा फरक. यालाच ग्रेडियंट म्हणतात. 30 पासून पुढं अडथळा धरतात, 50 च्या पुढं गेला आणि औषधांनी त्रास थांबत नसला तर ऑपरेशनचा विचार.

हे गणित मला अनोळखी नव्हतं. आप्पा कालव्यात ज्वारीचं चिपाड टाकायचे. एका खुणेच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ते वाहत जाईतो मनात आकडे मोजायचे आणि पाणी किती चाललंय ते सांगायचे. पुलाखाली, जिथं काठ जवळ येतात, तिथं चिपाड एकदम पळायचं. “चिपाड पळालं का समजायचं, वाट आवळलीय,” असं म्हणायचे. इकोमधलं रक्ताचा वेग मोजणारं डॉपलर दुसरं काय करतं? रक्तातल्या पेशी हीच त्याची चिपाडं. ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान डॉपलरनं 1842 साली जोडताऱ्यांच्या रंगांवर विचार करताना मांडलेला नियम आहे तो. आणि आवाज पाठवून परत आलेल्या आवाजावरून आतलं बघायचं हे तंत्र हृदयाला पहिल्यांदा लावलं स्वीडनच्या इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी, 1953 साली. त्यांनी वापरलेलं यंत्र जहाजाच्या कारखान्यातून मागून आणलं होतं. लोखंडाच्या पत्र्यात कुठं चीर आहे का ते शोधायला ते वापरत.

तपासणी संपली असं वाटलं, तोच डॉक्टर म्हणाले, “आता नाक-तोंड बंद करा आणि पोटावर जोर लावा. संडासला बसल्यावर लावतो तसा.” दादा लाजला. पण लावला जोर. स्क्रीनवरचे विळे बघता बघता लांब झाले. पाच मीटर. पाचाचा वर्ग पंचवीस, चोक शंभर. पडून राहिलेला दादा 64 चा आणि जोर लावलेला दादा 100 चा.

मला या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते आणि हा लेख लिहायला मी बसले तेही त्यासाठीच. हा अडथळा दगडासारखा एका जागी पडून नसतो. तो तासातासाला बदलतो. भरपेट जेवणानंतर वाढतो, पटकन उठून उभं राहिल्यावर वाढतो, अंगातलं पाणी कमी झालं की वाढतो. कालव्याची उपमा इथं सोडून द्यावी लागते, कारण कालव्यात पाणी घटलं तर वाट मोकळी होते आणि हृदयात नेमकं उलटं होतं. निलय नीट भरला नाही की भिंती जवळ येतात आणि वाट आणखी आवळते. मे महिन्यात आमच्याकडं पारा 43-44 वर जातो. अशा दिवसात बिनपाण्यानं रानात राबणं, किंवा निर्जळी उपास धरणं, हे अशा माणसासाठी जिवाशी खेळणं आहे. आप्पा गेले तो वैशाख होता. त्यांचं हृदय कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळं मी काही ठामपणे म्हणू शकत नाही. पण आता “ऊन लागलं” एवढं सांगून मी थांबत नाही.

शांत पडून काढलेल्या चित्रात काही जणांचा ग्रेडियंट अगदी कमी, नसल्यासारखाच दिसतो. जोर लावायला सांगितला, उभं करून बघितलं, चालवून बघितलं, की मग तो उसळी मारतो. म्हणून ज्या रिपोर्टात फक्त निवांत पडलेल्या माणसाचा आकडा आहे तो रिपोर्ट अर्धाच.

औषधं वर्षभर घेतली, पुरली नाहीत. ऑपरेशन हैदराबादला करायचं ठरलं. आमच्या लोकांना मोठ्या दुखण्याला हैदराबाद जवळ वाटतं, निजामाच्या काळापासूनची पायवाट आहे ती. रात्रीच्या गाडीनं निघालो. बासरला गोदावरीचा पूल आला तशी वहिनींनी खिडकीतून अंधारातच हात जोडले.

ऑपरेशनला सेप्टल मायेक्टॉमी म्हणतात. हृदय थांबवून, रक्ताचं काम यंत्राकडं देऊन, महाधमनी उघडतात. तिच्या झडपेतून खाली वाकून बघत पडद्याचा फुगलेला भाग तासून काढतात. कमी काढला तर अडथळा राहतो, जास्त काढला तर दोन निलयांमध्ये भोक पडतं. अमेरिकेच्या अँड्र्यू ग्लेन मॉरो यांनी 1960 च्या दशकात हे ऑपरेशन घडवलं, अजूनही ते त्यांच्या नावानं ओळखतात. मॉरोंना स्वतःलाही हाच आजार होता आणि 1982 साली ते त्यातच गेले. हे कळलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या माणसाविषयी घरच्यासारखी माया वाटली.

बरं झालं का, हे बघणं ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू होतं, हे मला माहीत नव्हतं. अन्ननलिकेतून एक बारीक प्रोब उतरवलेला असतो. हृदय पुन्हा चालू झालं, यंत्र बाजूला झालं, की छाती उघडी असतानाच त्यातून ग्रेडियंट मोजतात, झडप बघतात, पडद्याला भोक नाही ना ते बघतात. अडथळा राहिलेला दिसला तर पुन्हा यंत्रावर घेऊन आणखी काढतात. दादाचं एकदाच काढून भागलं. सर्जननी बाहेर येऊन काचेच्या बाटलीतले तुकडे दाखवले. चिंचोक्याएवढे तीन. वजन 8 ग्रॅम. तोळ्याच्या आतच. एवढ्याशा मांसानं माझ्या भावाला दोन वर्षं घराच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांचा एकच प्रश्न, “झाला का बरा?” छातीवरची लांब शिवण बघून बाया हळहळायच्या. टाके सुकले, दादा अंगणात फिरू लागला, म्हणजे बरा झाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझ्या मनात मात्र तो विळा होता. तो गेला का, हे शिवण बघून कसं कळणार?

सहा आठवड्यांनी आमच्याच भागातल्या एका सेंटरवर इको केली. हैदराबादचे कागद आम्ही घरी विसरलो होतो, ही आमची चूक. पण तिथल्यांनीही छातीवरची शिवण बघून काय ऑपरेशन झालं ते विचारलं नाही. दोन मिनिटांत तपासणी उरकली. रिपोर्टात होतं, पडद्याची हालचाल मंदावलेली, जुना हार्ट अटॅक असावा. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला निलयातलं किती रक्त बाहेर पडतं ते, 62 टक्के. ग्रेडियंटचा उल्लेखच नाही.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. माय देवापुढं बसून राहिली. ऑपरेशनच्या आधी पंपिंग 75 होतं, ते 62 वर आलं, वर अटॅक. दादा म्हणाला, “बाई, होतं ते बी गेलं का गं?”

दुसऱ्या दिवशी फोटो काढून हैदराबादला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर शांतपणे समजावलं. पडद्यातून मांस काढलेलं आहे, आणि त्याच भागातून विजेचा संदेश नेणारी डावी तार जाते, ती या ऑपरेशननंतर पुष्कळ जणांची बंद पडते. त्यामुळं पडदा इतर भिंतींच्या तालात हलत नाही. अटॅक नाही. आणि पंपिंगचा आकडा या आजारात फसवा असतो. भिंती जाड, पोकळी लहान, त्यामुळं निलय पिळून पार रिकामा व्हायचा आणि टक्केवारी मोठी दिसायची. 75 ही काही ताकद नव्हती. आता पोकळीला थोडी जागा मिळाली म्हणून 62 दिसतंय, आणि ते चांगलं आहे.

आमच्याकडं हृदयाचं काहीही असो, लोक पहिला प्रश्न विचारतात, “पंपिंग किती?” ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना मी कळकळीनं सांगते, हा प्रश्न आपला नाही. आपण विचारायचं, ग्रेडियंट किती, आणि जोर लावून किती. झडपेचं पान अजून पडद्याकडं ओढलं जातं का. उलटं जाणारं रक्त कमी झालं का. डावं अलिंद आकसलं का. रिपोर्टात हे नसेल तर तिथंच खुर्चीवर बसून राहायचं आणि लिहून मागायचं. ऑपरेशनचे कागद मात्र कायम पिशवीत हवेत.

तीन महिन्यांनी हैदराबादला पुन्हा इको झाली. तोच अंधार, तीच जेली. मी दादाच्या उशाशी. रंग आले. महाधमनीच्या वाटेत निळा रंग एकसारखा वाहत होता, कालव्याला पहिलं स्वच्छ पाणी यावं तसा. मग आलेख. मी विळा शोधत होते. तिथं विळा नव्हताच. रेषेखाली गोलसर, बसके आकार होते, ओळीनं मांडलेल्या पणत्यांसारखे. दीड मीटर. नऊचा ग्रेडियंट.

“आता जोर लावा,” डॉक्टर म्हणाले. दादानं या वेळी लाजायचं सोडून डोळे मिटून जोर लावला. गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या. मी श्वास धरून स्क्रीनकडं. दोन मीटर. सोळा.

मी काही बोलले नाही, वहिनींना बाहेर जाऊन मिठी मारली.

पडदा 22 चा 13 झाला होता, तो तर कापलेलाच होता. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच आकड्याचं. वर्षानं केलेल्या तपासणीत मागची भिंतही 14 वरून 12 वर आली. तिला तर सुरी लागलीही नव्हती. डाव्या अलिंदाचा आकारमानाचा आकडा 48 होता तो 35 पर्यंत उतरला, 34 पर्यंत ठीक धरतात. डॉक्टरांनी सांगितलं, निलयाला दर ठोक्याला दाबाविरुद्ध झगडावं लागत होतं, त्या कष्टानंही स्नायू वाढला होता. कष्ट गेले तसा तो हळूहळू उतरतो. सगळा नाही उतरत, कारण मूळ दोष जनुकातला आहे. स्ट्रेन नावाचं आणखी एक माप असतं, स्नायू लांबीत किती आखडतो ते सांगणारं. निरोगी हृदयात ते उणे 20 च्या आसपास येतं. दादाचं उणे 11 होतं, ते उणे 14 झालं. पडदा अजून आळशी, बाकीच्या भिंती कामाला लागलेल्या.

वर्षाच्या तपासणीत एमआरआयही होता, तो छत्रपती संभाजीनगरला केला. आदल्या रात्री दादाला झोप नव्हती. छातीचं हाड जोडायला आत स्टीलच्या तारा घातलेल्या असतात, आणि एमआरआय म्हणजे मोठा लोहचुंबक हे त्यानं भाच्याच्या पुस्तकात वाचलं होतं. “तारा ओढल्या तर?” असं त्यानं मला तीनदा विचारलं. टेक्निशियननं कागद तपासले आणि सांगितलं, काका, या तारा ओढल्या जात नाहीत, फोटोत तेवढे काळे डाग येतील. आले तसे. हाडाच्या जागी ओळीनं सहा काळे ठिपके, माळेतल्या मण्यांसारखे.

आत पाऊण तास. धडधड, कटकट, मध्येच सूचना, श्वास घ्या, सोडा, थांबवा. काचेपलीकडून मी बघत होते. ऑपरेशनच्या आधीही एकदा एमआरआय झाला होता. तेव्हा दादाला दहा सेकंदही श्वास धरवत नव्हता, अर्ध्या चित्रांमध्ये हृदय धुरकट आलं होतं, तपासणी दोनदा थांबवली होती. या वेळी तो एकदाही चुकला नाही. चित्र बघायच्या आधीच मला कळलं की हा माणूस सुधारलाय.

चित्रांनी त्यात भर घातली. निलयाच्या स्नायूचं वजन आधी 214 ग्रॅम होतं, आता 168. कापले 8 ग्रॅम, गेले 46. बाकीचे हृदयानं आपणहून उतरवले.

पण एमआरआय आणखी एक गोष्ट दाखवतो, आणि ती मी लपवणार नाही. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात. निरोगी स्नायूतून ते वाहून जातं, जिथं व्रण आहे तिथं रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या चित्रात स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो. दादाच्या पडद्यात असे पांढरे चट्टे ऑपरेशनआधीही होते, स्नायूच्या साधारण 6 टक्के. 15 टक्क्यांच्या वर असले तर अचानक ठोके बिघडण्याचा धोका जास्त धरतात. एका वर्षानं ते चट्टे तिथंच होते. अडथळा जातो, दाब उतरतो, भिंत थोडी पातळ होते, अलिंद आकसतं. व्रण राहतो. म्हणून दर वर्षी इको, चोवीस तास ठोके नोंदणारं होल्टर आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एमआरआय. आमच्याकडं ऑपरेशन झालं की फाईल ट्रंकेत जाते, आणि माणूस पुन्हा दवाखान्याचं तोंड बघतो ते थेट पडल्यावर. दादाची फाईल मी कपाटाच्या दारालाच टांगून ठेवलीय, वहिनींना रोज दिसेल अशी.

दादा आता 46 वर्षांचा आहे. आप्पांना मिळाली त्याहून दोन वर्षं जास्त. संध्याकाळी तो कालव्याच्या भरावावरून चालतो. मी माहेरी गेले की सोबत जाते. चढ संपला की आम्हा दोघांचीही पावलं मंदावतात, सवयीनं. तो बसत नाही.

माझीही इको झाली. पडदा 9 मिलिमीटर. पण एकदा चांगली आली म्हणून सुटका नाही. मोठ्या माणसांनी तीन ते पाच वर्षांनी पुन्हा बघायचं असतं, आणि वाढत्या वयातल्या मुलांनी त्याहून लवकर, कारण हा आजार पुष्कळदा वयात येताना डोकं वर काढतो.

दादाचा मुलगा या वर्षी तेरा वर्षांचा झाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन गेलो. अंधाऱ्या खोलीत तो डाव्या कुशीवर झोपला, हात डोक्याखाली, बापाच्या ढंगानं. जेली लागल्यावर अंग चोरलं. दादा भिंतीला टेकून उभा होता. करडं चित्र हललं, पडदा सरळ, बारीक. डॉक्टरांनी मापं घेतली, 8 मिलिमीटर, झडप ठीक, वेग ठीक. कापूस घेऊन ते छाती पुसायला निघाले.

“साहेब,” दादा कोपऱ्यातून म्हणाला, “जरा जोर लावायला सांगून बी बघा की.”

डॉक्टरांनी वळून त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या शर्टाच्या उघड्या गुंडीतून दिसणारी शिवण पाहिली, आणि प्रोब परत टेकवला. “बाळा, नाक-तोंड बंद कर. हं, आता पोटावर जोर.”

पोरानं गाल फुगवले. दादानं माझं मनगट घट्ट धरलं आणि आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत राहिलो.